भट्टी कुठंय? द्राक्षाची वाइन होते तरी कशी

मामांचा पहिला प्रश्न गेटातून आत शिरतानाच आला. "भट्टी कुठंय?"

फेब्रुवारीतली सकाळ होती, सातही वाजले नव्हते. आम्ही दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत आलो होतो. मामा निफाड तालुक्यातले. तीस वर्षं खायच्या द्राक्षाची बाग, गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवलेले नाहीत. पण आपल्याच जिल्ह्यात लोक द्राक्षाचं नेमकं काय करतात हे त्यांना बरेच दिवस बघायचं होतं. बाटलीत त्यांना रस नव्हता, माल बघायचा होता.

वायनरी दाखवणारी मुलगी हसली. "काका, इथे भट्टी नसते."

वाइन समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी. मोहाची दारू, फेणी, व्हिस्की, ब्रँडी ही सगळी भट्टीची पेयं. आधी काहीतरी आंबवायचं, मग ते तापवून निघालेली वाफ थंड करून गोळा करायची. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. त्यामुळे वाफेत अल्कोहोल जास्त येतो आणि पेय कडक होतं. गोव्यात काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस एकदा भट्टीतून काढला की उर्राक आणि पुन्हा काढला की फेणी. वाइनमध्ये हा टप्पाच नाही. रस आंबला की काम झालं. तीच वाइन कोणी भट्टीवर चढवली तर ब्रँडी होईल.

म्हणून वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के असतो आणि आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावर बराच धुरळा उडाला होता. रसायनशास्त्राला विचाराल तर रेणू तोच आहे, फक्त पातळ आहे. त्यापुढचं ज्याचं त्यानं ठरवावं.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. रात्री दोनपासून तोडलेला शिराझचा, म्हणजे वाइनच्या एका काळ्या द्राक्षाचा, माल क्रेटमध्ये होता. मामांनी एक घड उचलला, उलटा-सुलटा केला आणि त्यांचा चेहरा पडला. मणी वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, साल जाड, दाबून बघितलं तर आत दोन-तीन बिया. "हा माल आमच्याकडं व्यापारी फुकट नेणार नाही."

खरं होतं. मामांच्या बागेत सगळी धडपड याच्या उलट असते. जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं, डिपिंग करायचं, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी करायची, मणी लांबट आणि टपोरा करायचा, साल पातळ ठेवायची, बी तर नकोच. दाताखाली कुरकुरीत लागला की माल निर्यातीला. वाइनला नेमका हाच माल चालत नाही, आणि कारण साधं आहे. वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. आतला रस म्हणजे मुख्यतः पाणी, साखर आणि आम्ल. मणी जेवढा बारीक, तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. दहा मिलिमीटरच्या मण्यांचा एक लिटर रस घेतला तर त्याच्या वाट्याला वीस मिलिमीटरच्या मण्यांपेक्षा दुप्पट साल येते. टपोरं द्राक्ष वाइनवाल्याच्या दृष्टीने पाणचट द्राक्ष.

मामांनी मग एक मणी नखानं सोलला. बाहेरून जांभळा-काळा आणि आतला गर चक्क पांढरट हिरवा. बोटं मात्र जांभळी. दोन-चार प्रकार सोडले तर सगळ्या काळ्या द्राक्षांचं असंच असतं. म्हणजे काळ्या द्राक्षापासून पांढरी वाइन करता येते. साल लगेच बाजूला केली की झालं. साल काही तासच रसात ठेवली तर गुलाबी, म्हणजे रोझे. आठवडाभर ठेवली तर रेड. रेड आणि व्हाइट यांतला मूळ फरक एवढाच, साल सोबत आंबली की नाही.

क्रेटशेजारी एक जण रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभा होता. हे यंत्र मामांच्या खिशातलं, त्यामुळे इथे त्यांना कोणी शिकवायची गरज पडली नाही. काचेवर रसाचा थेंब, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं. २३ ब्रिक्स. खायचं द्राक्ष १७-१८ ला उतरवतात, त्यामुळे मामांच्या भुवया वर गेल्या. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. हा आकडा वाइनवाल्याला का हवा, तर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होतो. लिटरला २२० ग्रॅम साखर असेल तर तेराच्या आसपास. वाइनच्या लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा असा बागेतच ठरलेला असतो.

पण नुसती गोडी वाढवत नेली की झालं, असं नाही. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो पिकायला लागला, की एका बाजूने साखर चढते आणि दुसऱ्या बाजूने आंबटपणा उतरतो. उन्हाळ्याच्या झळा लागल्या की आंबटपणा फार झपाट्याने पडतो, आणि आंबटपणा नसलेली वाइन म्हणजे लिंबू न पिळलेलं सरबत. इथे नाशिक कामाला येतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, कोरडा हिवाळा आणि गार रात्री. दर हिवाळ्यात 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी छापून येते, ती वाचून मामांसारख्यांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याच गारठ्यात वाइनच्या द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. एकाच तालुक्यात एकाचं संकट दुसऱ्याच्या पथ्यावर पडतं.

हिवाळ्याचं हे गणित आपोआप जुळत नाही, छाटणीने जुळवावं लागतं. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी करून फळ धरायचं. पीक येतं जानेवारी ते मार्च. खायची बाग असो की वाइनची, ही दोन छाटण्यांची पद्धत सारखीच. पुढे मात्र वाटा वेगळ्या. मामा एकरी दहा-बारा टनांची भाषा करतात, इथे चार-पाच टनांच्या पुढे वायनरीच नको म्हणते. वेलावर घड कमी असले की प्रत्येकात दम जास्त उतरतो.

आता कारखान्यात जाऊ. माल आधी एका यंत्रात पडतो, ते देठ बाहेर फेकतं आणि मणी हलकेच फोडतं. देठ राहिला तर कडवटपणा उतरतो, बी चिरडली तरी तेच. पांढऱ्या वाइनसाठी हा लगदा थेट प्रेसमध्ये जातो. ती एक मोठी आडवी टाकी, आत रबरी फुगा. फुगा हवेने फुगतो आणि द्राक्षं जाळीवर हलकेच दाबली जातात. किलोमागे साधारण ६०० ते ७०० मिली रस. एका ७५० मिलीच्या बाटलीला किलोभराहून थोडं जास्त द्राक्ष लागतं, एवढा हिशोब लक्षात ठेवला तरी पुरे.

मग रस स्टीलच्या टाकीत जातो आणि त्यात यीस्ट सोडतात. खरं काम इथून पुढे आणि ते माणूस करत नाही. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पावात असते तीच जात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. ती साखर खाते आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड टाकते. वस्तुमानाने बघितलं तर साखरेतला निम्म्याहून थोडा जास्त भाग अल्कोहोल होतो, उरलेला वायू होऊन उडतो. जॉर्जिया या देशात सापडलेल्या मातीच्या भांड्यांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश मिळाले आहेत. मात्र हे काम एक सूक्ष्मजीव करतो, हे लुई पाश्चरने १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं. तोवरची सगळी वाइन आपल्या दह्यासारखी. विरजण लागतं हे सगळ्यांना माहीत, का लागतं हे कोणालाच नाही.

विरजणाची तुलना पुढेही चालते. मण्यांवर आणि वायनरीत जंगली यीस्ट असतंच, रस नुसता ठेवला तरी आंबेल. पण कालच्या दह्याचं विरजण जसं हमखास, तसं निवडक यीस्ट हमखास. बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या यीस्टची पाकिटं येतात. ती कोमट पाण्यात जागी करतात, फेस आला की टाकीत.

टाक्यांभोवती पाइपांचं जाळं होतं, हात लावला तर गार. यीस्ट काम करताना उष्णता सोडतं. मोकाट सोडलं तर रस इतका तापेल की यीस्ट स्वतःच मरेल आणि वास उडून जाईल. म्हणून टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव फिरवतात. पांढरी वाइन १२ ते १८ अंशांत, दोन-तीन आठवडे सावकाश. रेड २५ ते ३० अंशांत, आठ-दहा दिवसांत. मामांनी सगळ्या टाक्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही कोल्ड स्टोरेजच चालवता." मला ही व्याख्या आवडली. वायनरीतला बराचसा पैसा आणि मेहनत वाइन करण्यात जात नाही, ती बिघडू न देण्यात जाते. गारवा, स्वच्छता, आणि हवा लागू न देणं.

रेडच्या टाकीवर आम्हाला जिन्याने वर नेलं. आत सालींचा हातभर जाड थर तरंगत होता. वायूचे बुडबुडे साली वर ढकलतात आणि रंग तर सालीत. म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर घेऊन या थरावर सोडतात, किंवा थर खाली दाबतात. मामा वाकून बघायला लागले तसं मुलीने त्यांना दंड धरून मागे ओढलं. एक लिटर रस आंबताना पन्नासहून अधिक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, टाकीत साचून राहतो. टाकीत उतरून माणसं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. मामांना हे लगेच उमगलं. धान्याच्या पेवात उतरण्याआधी दिवा सोडून बघायची जुनी रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती. दिवा विझला तर उतरायचं नाही.

साखर संपली की यीस्ट थांबतं. अशा वाइनला ड्राय म्हणतात. ड्राय म्हणजे कोरडी नव्हे, गोडी न उरलेली. साखर फारच असेल तर १५-१६ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलनेच यीस्टचा जीव जातो. गोडसर वाइन हवी असेल तर साखर शिल्लक असतानाच टाकी एकदम गार करून काम थांबवतात.

आता आम्लांची गोष्ट, आणि ही आपल्या स्वयंपाकघरातून जितकी सोपी कळते तितकी पुस्तकातून कळत नाही. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. एक टार्टरिक, म्हणजे चिंचेतलं. दुसरं मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, दात आंबवणारं. रेड वाइन आंबून झाली की तिच्यात दुसरं एक काम चालतं. काही जिवाणू मॅलिक आम्ल खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दही-ताकातलं. हिरव्या सफरचंदाचा करकरीत आंबटपणा जाऊन ताकाचा मवाळ आंबटपणा येतो. त्याच जिवाणूंच्या कामातून कधीकधी डायअसेटिल नावाचं द्रव्य तयार होतं, आणि लोण्याचा वास त्याचाच असतो. कोणी एखाद्या शार्डनेला, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला, लोण्याचा वास येतो म्हणालं तर तो आव आणत असेलच असं नाही. चिंचेतलं आम्ल मात्र टिकून राहतं. फार गार केलं की त्याच्या क्षाराचे खडे बनून तळाशी बसतात. ग्राहकाला ते काचेचे तुकडे वाटतात. म्हणून वायनरीतच वाइन शून्याच्या जवळ नेऊन ते आधी पाडून घेतात.

तुरटपणाबद्दल एक. इंग्रजीत या चवीला ॲस्ट्रिंजंट असा शब्द आहे, पण वाइनवाले टॅनिन, टॅनिन करत बसतात. आपल्याला जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी कोरडी पडते ते माहीत आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. चहापत्ती जास्त उकळली की चहा तुरट होतो, तेही याच जातीच्या द्रव्यांमुळे. साली आणि बियांतून हा तुरटपणा उतरतो आणि वर्षा-दोन वर्षांत मवाळ होतो.

मवाळ व्हायला लाकूड मदत करतं. पिंपांची खोली अंधारी आणि गार होती, वास ओल्या लाकडाचा, थोडा व्हॅनिलाचा. ओक लाकडाची पिंपं, एकेक २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं. फळ्या आगीवर शेकून वाकवतात, तेव्हा लाकडातून व्हॅनिलिन सुटतं, तोच हा वास. मामांनी पिंपावर बोटं आपटली आणि विचारलं, झिरपत नाही का? झिरपते. माठासारखंच, अगदी थोडी, वाफ होऊन. आणि तेवढीच हवा आत शिरते. थोडी हवा तुरटपणा मऊ करते, जास्त हवा घात करते. ॲसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा मिळाली की वाइनचं व्हिनेगर होतं. व्हिनेगर हा शब्दच मुळात फ्रेंच भाषेतल्या 'आंबट वाइन' या शब्दांवरून आला. म्हणून पिंपात झालेली तूट दर काही आठवड्यांनी भरून काढावी लागते.

त्याच कारणासाठी वाइनमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. लेबलवर 'सल्फाइट्स' वाचून पुण्यातले माझे मित्र दचकतात. मामा दचकले नाहीत. बेदाण्याला सोनेरी रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, निर्यातीच्या पेटीत ग्रेप गार्डचा कागद ठेवतात, सगळीकडे वायू हाच. दम्याच्या काही रुग्णांना तो सोसत नाही, म्हणून लेबलवर लिहितात.

गाळणं आणि बाटलीत भरणं झरझर उरकतं. गढूळ वाइन निवळायला बेंटोनाइट नावाची माती फिरवतात, आपण पाण्यात तुरटी फिरवतो तशी. पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरतात. हे ऐकून मामा दोन पावलं मागे सरकले. बुचाची बाटली आडवी ठेवतात, बूच ओलं राहून फुगलेलं राहावं म्हणून. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. बूच हे पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकची साल. एकदा काढली की पुन्हा साधारण नऊ वर्षांनी काढता येते.

आपल्याकडे हे सगळं अगदी नवं आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुलेंनी फेसाळती वाइन काढली, ती परदेशातही गेली. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि दिंडोरी, इगतपुरी, विंचूर, तिकडे अकलूजपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. 'नाशिक व्हॅली वाइन'ला आता भौगोलिक मानांकन आहे.

शेवटी चाखायचं टेबल. मामांनी हात जोडले. मुलगी म्हणाली, हुंगून तरी बघा. "हुंगायला काय हरकत," असं म्हणून त्यांनी सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि क्षणात म्हणाले, "ढोबळी. हिरवी, नुकती तोडलेली." मी खुणेनेच त्या मुलीला विचारलं, तिने मान डोलावली. मामांनी पाच वर्षं शेडनेटमध्ये ढोबळी मिरची काढलीय, त्यांचं नाक चुकायचं नाही. आणि हा कल्पनेचा खेळ नव्हता. ढोबळीच्या वासाचा पायराझीन नावाचा रेणू या द्राक्षातही असतो. शिराझमधला काळ्या मिरीचा वासही असाच, मिरीतलं रोटुंडोन हे द्रव्य त्या द्राक्षाच्या सालीत सापडतं. वाइनचे जाणकार वासांची यादी वाचतात तेव्हा त्यातलं निम्मं थापा असतं असं माझं मत होतं. ते मी थोडं खाली आणलंय. आता एक तृतीयांश.

निघताना मामांची नजर मागच्या अंगणातल्या जांभळ्या ढिगावर गेली. रेडच्या प्रेसमधून निघालेला चोथा, साली आणि बिया. "ह्याचं काय करता?" खत करून बागेत टाकतो, मुलगी म्हणाली. मामांनी मूठभर चोथा उचलला, चोळला, हुंगला आणि दोन गोण्या मागून घेतल्या. गोण्या डिकीत टाकून आम्ही निघालो. तो चोथा रेडचा, म्हणजे साली आठवडाभर आंबलेल्या, हे माझ्या ओझरजवळ लक्षात आलं, तोवर काचा उघडूनही उपयोग नव्हता.

घरी पोचलो तेव्हा मामी ओट्यावरच उभ्या होत्या. गाडीचं दार उघडलं तशा दोन पावलं मागे झाल्या, मामांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोघं आधी अंघोळीला जा. मग काय सांगायचंय ते सांगा."